सिंह-सूर्य पदक कुणी घडवलं? पेटीवरचं नाव आणि कडीवरचा ठसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा इराणमधल्या अबादानच्या तेल शुद्धीकरण कारखान्यात नोकरीला होते, १९५१ मध्ये परत आले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक लाल पेटी सापडली. आत पाच किरणांचं चांदीचं पदक आहे, मधल्या मिन्याच्या चकतीवर बसलेला सिंह आणि त्याच्या पाठीमागून डोकावणारा सूर्य. फीत हिरवी. झाकणाच्या आतल्या रेशमावर पॅरिसच्या पाले-रोयालमधल्या एका दुकानाचं नाव सोनेरी अक्षरांत छापलं आहे. कडीवर दोन बारीक ठसे आहेत, एक कुठल्याशा प्राण्याचं डोकं आणि दुसरा पुसट. पदक खरं का, कुणी बनवलं आणि किंमत काय, हे तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. फोटोंवरून पदक अस्सल वाटतं आणि घडण पॅरिसची आहे. मात्र पेटीवर ज्या दुकानाचं नाव आहे त्यानेच ते घडवलं, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. किंमत शेवटी.

हे इराणच्या काजार घराण्यातल्या शाहांचं 'नशान-ए-शीर-ओ-खुर्शीद', म्हणजे सिंह आणि सूर्याचं मानचिन्ह. फारसीतलं 'नशान' म्हणजे खूण आणि पदकही. आपल्याकडे येऊन त्याचं निशाण झालं आणि ते झेंड्यावर जाऊन बसलं. फत्ह अली शाहाने १८०८ मध्ये हे मानचिन्ह सुरू केलं असं सर्वसाधारणपणे मानतात. त्या वेळी नेपोलियनचा जनरल गार्दान तेहरानमध्ये वकील म्हणून आलेला होता, इंग्रज त्याला हुसकावून लावायच्या खटपटीत होते, आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना मान द्यायला दरबाराला युरोपीय पद्धतीचं काहीतरी हवं होतं. १८१० मध्ये ते मिळालेला एक माणूस आपल्या चांगला ओळखीचा आहे: सर जॉन माल्कम. यानेच पुढे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाची शरणागती घेतली, हाच १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरची माल्कम पेठ याच्याच नावाची. त्याच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर नावापुढे 'के.एल.एस.' अशी अक्षरं दिसतात. ती या सिंह-सूर्याची. १८२७ मध्ये तो ज्या जहाजातून मुंबईला आला त्याच जहाजात सतरा वर्षांचा एक कॅडेट होता, हेन्री रॉलिन्सन. माल्कमने त्याला इराणच्या गोष्टी सांगून वेड लावलं, आणि पुढे बिस्तूनचा कीलाक्षरी लेख उतरवून घेणाऱ्या त्या माणसाच्या छातीवरही हेच मानचिन्ह आलं. असो, माल्कम पेठेत गेलं की मला हे आठवतंच.

आता निर्मात्याकडे येऊ. या पदकांच्या बाबतीत एक गोष्ट कळली की बाकी सगळं सोपं होतं. शाहाकडून मिळायचं ते मुख्यतः फर्मान. कागद. त्यावर नाव, दर्जा, तारीख आणि शिक्का. प्रत्यक्ष पदक दरबारातून मिळेच असं नव्हतं. मानकऱ्यांपैकी अनेकांनी फर्मान हातात आल्यावर आपापल्या शहरातल्या पदकवाल्याकडे जाऊन ते स्वतःच्या पैशाने विकत घेतलं. फ्रेंच डॉक्टर पॅरिसमध्ये घेई, ऑस्ट्रियन अधिकारी व्हिएन्नात, रशियन कर्नल सेंट पीटर्सबर्गमध्ये. नासिरुद्दीन शाह १८७३, १८७८ आणि १८८९ असा तीनदा युरोपात फिरला, त्याचा मुलगा मुझफ्फरुद्दीन १९००, १९०२ आणि १९०५ मध्ये. प्रत्येक दौऱ्यात स्वागताला उभे असलेले अधिकारी, रेल्वेवाले, नगरपाल, संगीत पथकांचे प्रमुख यांना मानचिन्हांची खैरात झाली. त्यामुळे एकाच दर्जाची पदकं निदान पाच देशांत, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कसाच्या चांदीत बनली. एकच अधिकृत साचा नव्हता. कारागीर कॅटलॉगातलं चित्र किंवा दुसऱ्याचं पदक समोर ठेवून घडवत असे.

म्हणून 'निर्माता कोण' हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. दिलं कुणी, विकलं कुणी आणि घडवलं कुणी. देणारा शाह. विकणारा पेटीवर छापलेला. घडवणारा असलाच तर त्या पुसट ठशात.

पाले-रोयाल हा पॅरिसमधला जुना राजवाडा. त्याच्या बागेभोवतीच्या कमानींत एकोणिसाव्या शतकात पदकविक्रेत्यांची दुकानं रांगेने होती. हाले, क्रेटली, बाकविल ही नावं त्यांतलीच. तिथे फ्रान्सचं लेजिओं द'ऑनर मिळे, तसंच तुर्कस्तानचं, ट्युनिसचं, इराणचंही मिळे. आपल्याकडे लक्ष्मी रोडवर एखाद्या पेढीच्या डबीत जो दागिना मिळतो तो त्या पेढीच्याच कारागिराने केलेला असतो का? कधी असतो, बऱ्याचदा बाहेरून घडवून आणलेला असतो. तिथेही तसंच होतं. काही दुकानांची स्वतःची कार्यशाळा होती, काही नुसती मालाला पेटी जोडून विकत. लमेत्र आणि उइझिय-लमुआन यांच्यासारख्या नावाजलेल्या घरांचं नाव कधी पदकाच्या पाठीमागच्या चकतीवरच कोरलेलं सापडतं. तसं असेल तर गोष्ट वेगळी, ते नाव पदकाबरोबर जन्माला आलेलं असतं. पेटीवरचं नाव पेटीचं असतं.

आणि पेट्या बदलतात. हे मी स्वतः शिकलो ते महागात. माझं पहिलं सिंह-सूर्य पदक मी व्हिएन्नाच्या एका दुकानाच्या पेटीसकट घेतलं आणि वहीत 'व्हिएन्ना' असं आठ वर्षं लिहून ठेवलं. एक दिवस सहज पदक खळग्यात ठेवताना लक्षात आलं की मखमलीतला खळगा सहा किरणांचा आहे आणि माझ्या पदकाला किरणं पाच. भिंग घेऊन बसलो तर कडीच्या आतल्या बाजूला फ्रेंच ठसा. पेटी कुणा दुसऱ्या पदकाची होती, विकणाऱ्याने जोडी लावून दिली होती. तेव्हापासून मी पेटी आधी तपासतो. खळगा पदकाला तंतोतंत बसतो का? रेशीम उडालेलं असेल तर फितीखालचा भाग गडद राहिलाय का, आणि त्या गडद भागाचा आकार फितीच्या घडीशी जुळतो का? शंभर वर्षं एकत्र राहिलेल्या दोन वस्तूंच्या एकमेकींवर खुणा पडतातच. तुमच्या तिसऱ्या फोटोत मखमलीवर किरणांच्या टोकांचे पाच दाब दिसतात. म्हणजे पेटी बहुधा याचीच. तेवढी जमेची बाजू.

आता कडीवरचे ठसे. प्राण्याचं डोकं तुम्हाला कुत्र्याचं वाटलं, मला ते रानडुकराचं वाटतं. खालच्या जबड्यातून वर आलेला सुळा आणि मानेवरचे राठ केस बघा. रानडुकराचं डोकं हा पॅरिसच्या तपासणी कार्यालयाचा लहान चांदीच्या वस्तूंवरचा ठसा, १८३८ पासून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चाललेला. पॅरिसबाहेरच्या फ्रेंच कार्यालयांचा ठसा त्याच काळात खेकड्याचा होता. सोन्याच्या भागावर गरुडाचं डोकं असेल तर ते १८ कॅरेटचं. एवढं लक्षात ठेवा की हा ठसा चांदी निदान ८०० कसाची आहे आणि ती पॅरिसमध्ये तपासली गेली, इतकंच सांगतो. सव्वाशे वर्षं चाललेल्या ठशावरून तारीख काढता येत नाही. इंटरनेटवरच्या विक्रीत 'रानडुकराचं डोकं, म्हणून १८५० चं' असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. ते सोडून द्या.

दुसरा, पुसट ठसा हाच खरा ऐवज. फ्रान्समध्ये घडवणाऱ्याचा ठसा शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत असतो. त्यात बहुधा नावाची आद्याक्षरं आणि मधे किंवा वर-खाली एक छोटं चिन्ह: तारा, नांगर, क्रॉस, मधमाशी, काहीही. अक्षरं एकसारखी असलेले कारागीर अनेक असू शकतात, म्हणून ओळख पटते ती चिन्हावरून. तुम्ही फक्त एक अक्षर कळवलंय. त्यावरून कुणीही कुणाचंही नाव सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा. ठसा वाचायची रीत अशी: खोलीतले दिवे बंद करा, मोबाइल स्टँडवर ठेवून मॅक्रो लावा, आणि एकच टॉर्च अगदी आडवी धरून चारही दिशांनी एकेक फोटो घ्या. समोरून प्रकाश टाकला की चांदी चमकते आणि ठसा नाहीसा होतो. आडव्या प्रकाशात खोलगट रेघांच्या सावल्या पडतात आणि डावीकडून न दिसलेली रेघ वरून दिसते. ठसा उठून दिसावा म्हणून पावडर, शाई, काजळी यांतलं काही त्यात भरू नका. आणि घासू तर मुळीच नका. जे थोडंफार उरलंय ते घासण्यामुळेच गेलेलं असतं.

शंकरपाळी वाचता आली नाही तर? तर नाव मिळणार नाही. माझ्याकडच्या सिंह-सूर्य पदकांत घडवणाऱ्याचं नाव नक्की सांगता येईल अशी निम्मीही नाहीत. बाकीच्यांच्या चिठ्ठीवर मी 'पॅरिस, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, निर्माता अज्ञात' असं लिहितो आणि मला त्याची लाज वाटत नाही. नवे संग्राहक नावासाठी फार अधीर होतात, कारण नाव आलं की भाव चढतो. विकणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

फ्रेंच नसतं तर काय शोधायचं तेही सांगून ठेवतो, कारण एकदा चटक लागली की तुम्ही दुसरं घेणारच. रशियन पदकावर ८४ हा आकडा असतो. तिथे शुद्ध चांदी ९६ झोलोत्निक धरत, म्हणून ८४ म्हणजे ८७५ कस. सोन्यावर ५६ म्हणजे आपलं १४ कॅरेट. १८९९ पासून त्यासोबत कोकोश्निक नावाचं शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचा चेहरा येतो, १९०८ पर्यंत डावीकडे पाहणारा आणि त्यानंतर उजवीकडे. ही तारीख मात्र खरोखर उपयोगाची. रशियात ही पदकं इतकी का सापडतात? १८७९ मध्ये शाहाने कोसॅक ब्रिगेड उभारली, तिचे अधिकारी रशियन. सेंट पीटर्सबर्गच्या काइबेल आणि एदुआर्द या घरांची कामं उत्तम असतात, आणि म्हणूनच त्यांची नावं खोट्या मालावरही सर्वात जास्त सापडतात.

ऑस्ट्रियात १८६७ पासून १९२२ पर्यंत डायना देवीचं डोकं आणि सोबत शहराचं अक्षर, व्हिएन्नासाठी 'ए'. लहान चांदीच्या भागांवर शिकारी कुत्र्याचं डोकं, सोन्यावर कोल्ह्याचं. तुम्हाला कुत्रा वाटला त्यात तुमची चूक नाही, चिमुकल्या ठशात रानडुक्कर आणि कुत्रा यांची गल्लत भलेभले करतात. कुत्र्याचं मुस्कट लांब आणि मान बारीक, डुकराची मान नसतेच. व्हिएन्नाचे रोथे आणि मायर, बर्लिनचा गोडेट ही नावं मोठी. जर्मन चांदीवर १८८८ पासून मुकुट, चंद्रकोर आणि ८०० सारखा आकडा. इंग्रजी पदकावर स्टर्लिंगचा चालता सिंह, म्हणजे सिंहाच्या पदकावर आणखी एक सिंह. मला ते पाहून दर वेळी हसू येतं.

एक फसवा ठसा आहे, हंसाचा. फ्रेंच पद्धतीत १८९३ पासून हंस म्हणजे बाहेरून आलेली किंवा मूळ ठाऊक नसलेली चांदी, सोन्यासाठी घुबड. अस्सल तेहरानी पदक पॅरिसच्या लिलावात विकलं गेलं की त्यावर हंस मारतात. ते पाहून पदक फ्रेंच ठरवणारे मी पाहिलेत. हंस उलट सांगतो: हे इथलं नाही, किंवा निदान इथलं असल्याचा पुरावा नाही.

मग इराणात घडलेलं ओळखायचं कसं? तिथे ठसा बहुधा नसतोच. डोळ्यांनीच ठरवावं लागतं, आणि या सगळ्या छंदात मला सगळ्यात जास्त आनंद इथेच मिळतो. चकतीवरचा सूर्य बघा. इराणी कारागिराचा सूर्य बाई असते. गोल चेहरा, जुळलेल्या भुवया, काजळलेले डोळे. तिकडे तिला 'खुर्शीद खानम' म्हणतात. काजार काळातल्या चित्रांतल्या बायका पाहिल्या असतील तर ती लगेच ओळखू येते. सिंहाचा चेहराही थोडा माणसासारखा असतो, जणू आपल्या नातेवाइकांपैकीच कुणीतरी रागावून बसलंय. पॅरिसचा सिंह वेगळा. त्याची आयाळ, पंजे, छाती सगळं युरोपीय राजचिन्हांतल्या सिंहाच्या वळणाचं, आणि सूर्याचा चेहरा ग्रीक मुखवट्यासारखा किंवा नुसता खुणेपुरता. तुमच्या पदकावरचा सूर्य खुणेपुरता आहे. ठसा नसता तरी मी ते युरोपीय म्हटलं असतं. पाठ बघितली तरी फरक दिसतो. युरोपीय पदकाची पाठ नीटनेटकी, पिन आणि बिजागरी यंत्रातून आल्यासारखी, सांध्याला डाग जिथे दिलाय तिथे कळत नाही. इराणी पाठ हातघडणीची, थोडी ओबडधोबड, प्रत्येक किरणावर कानशीच्या रेघा. ओबडधोबड म्हणजे हलकी असं मात्र नाही. फत्ह अली शाहाच्या काळातली दरबारी मिनाकारी पाहिली की पॅरिसवाले किती हातचं राखून काम करत ते समजतं.

सिंह बसलेला की उभा यावरही बरंच लिहिलं जातं. मुळातली कल्पना अशी की परदेशी मानकऱ्यासाठी सिंह बसलेला आणि इराण्यासाठी पंजात तलवार घेऊन उभा. लिलावांच्या यादीत हाच फरक मुलकी आणि लष्करी असा सांगतात. तुमचा बसलेला आहे, म्हणजे मूळ मानकरी परदेशी असण्याची शक्यता जास्त. किरणांची संख्या दर्जाप्रमाणे कमी-जास्त होते, सगळ्यात वरच्या दर्जाच्या ताऱ्याला आठ. पण नुसती किरणं मोजून दर्जा सांगू नये. आकार, गळ्यात घालायचं की छातीवर लावायचं, फितीवर गुलाबासारखी चुणीदार गाठ आहे का, हे सगळं एकत्र बघावं लागतं. तुमचं लहान, छातीवरच्या फितीचं आहे, म्हणजे खालच्या दर्जाचं. वाईट वाटून घेऊ नका, सर्वाधिक दिली गेली ती खालच्याच दर्जाची, आणि खऱ्या माणसांनी वापरली तीही हीच.

फितीच्या रंगावरून काही ठरवू नका. फीत ही पदकाची सगळ्यात अल्पायुषी गोष्ट, दोन पिढ्यांत एकदा बदलली जातेच.

तारखेविषयी एक सापळा आहे आणि आपण मराठी माणसं त्यात दोनदा पडू शकतो. काजार काळातल्या पदकांवर किंवा फर्मानावर सन असतो तो चांद्र हिजरी. १९२५ मध्ये इराणने सौर हिजरी अधिकृत केला. त्यामुळे १३१६ हा एकच आकडा चांद्र असेल तर १८९८-९९ आणि सौर असेल तर १९३७-३८. काजार की त्यांच्यानंतरचं पहलवी घराणं, हे आधी ठरवल्याशिवाय बेरीज-वजाबाकी करायची नाही. दुसरा खड्डा खास आपला: मोडी कागद वाचणाऱ्यांना सन दिसला की ५९९ किंवा ६०० मिळवायची सवय असते, पण ती शुहूर सनाची. इथे ती लावली तर पदक पंधरा-अठरा वर्षं पुढचं निघतं. एका अभ्यासू मित्राने तसं केलं होतं आणि आम्ही दोघं अर्धा तास डोकं खाजवत बसलो होतो.

याच सिंह-सूर्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या आणखी दोन गोष्टींपासून जपा. पहिली, इराणच्या 'लाल सिंह-सूर्य' संस्थेची पदकं. ही तिकडची रेडक्रॉस, १९२२ ची. १९२९ च्या जिनिव्हा करारात त्यांच्या चिन्हाला मान्यता मिळाली आणि १९८० मध्ये इराणने ते सोडून लाल चंद्रकोर घेतली. पदकं छान असतात, मीही दोन ठेवली आहेत, पण ती शाहाचं मानचिन्ह नव्हेत आणि भावही तो नव्हे. दुसरी, पहलवी काळातलं 'हुमायून' मानचिन्ह. काजार गेल्यावर सिंह-सूर्याची जागा त्याने घेतली. विकणारा दोन्हींना 'पुरातन पर्शियन' म्हणून मोकळा होतो.

खोट्या मालाबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमचं पदक घरातून आलंय, बाजारातून नाही. पण मिना तपासायची एक साधी गोष्ट सांगतो. खरा मिना काच असतो, सातशे-आठशे अंशांवर वितळवून धातूवर बसवलेली. तो फुटला तर शिंपल्यासारखी वळणदार कपची निघते. नकली किंवा दुरुस्त केलेला 'मिना' राळेचा, म्हणजे थंड रंगाचा असतो. तो भिंगाखाली मऊ दिसतो, कडा गोलसर, आत गोल बुडबुडे, आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली शेजारच्या खऱ्या मिन्याहून वेगळा उजळतो. तुमच्या पदकात सूर्याच्या उजवीकडे जो हिरवट डाग दिसतो तो मला अशीच जुनी दुरुस्ती वाटते. टॉर्च लावून बघा. असली तर बिघडत नाही, फक्त विकताना लपवायची नाही.

चांदीचा कस बघायचा असेल तर कसोटीच्या दगडावर घासायला देऊ नका. आमच्या घरात सराफी होती, म्हणून सांगतो, सराफाचा हात सवयीने दगडाकडेच जातो. त्याऐवजी हॉलमार्किंग केंद्रावर किंवा पेढीवर जे कॅरेट मीटर असतं, एक्सआरएफचं, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं, त्यावर एका किरणाच्या पाठीचं रीडिंग मागा. दोन-तीन जागी घ्या, कारण यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं आणि सोन्याचा मुलामा असेल तिथे भलतंच दाखवतं. ९५० च्या आसपास किंवा ८०० आलं तर फ्रेंच ठशाशी जुळतं. ८७५ आलं तर मला लगेच कळवा, कारण मग कडी फ्रेंच आणि पदक रशियन अशी सांगड घातलेली असू शकते. कड्या बदलल्या जातात. ठसा कडीवरच आहे, पदकावर कुठेच नाही, म्हणून मी हे मुद्दाम सांगतोय. पदकाच्या किरणांच्या टोकांवर, कडांवर आणि पिनच्या मुळाशी भिंगाने पुन्हा एकदा शोधा. तिथेही तेच डुक्कर सापडलं तर शंका मिटली.

आणि साफ करू नका. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, चांदी उजळवायचं द्रावण तर नकोच. किरणांच्या पैलूंमधला काळसर रंग हाच पदकाचा जिवंतपणा आहे, तो गेला की ते लग्नातल्या तांब्यासारखं दिसायला लागतं. सोनाराकडून झाळून घ्यायचा मोहही टाळा. माझ्या ओळखीतल्या एकाने सुटलेली पिन बसवायला पदक नेलं. कारागिराने नेहमीप्रमाणे बर्नर लावला, आणि दोन मिनिटांत सूर्याच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर. काच एका बाजूने तापली की दुसरं काय होणार. कथलाचा करडा डाग पाठीवर दिसणारी पदकंही अशाच घाईच्या दुरुस्त्या. पिन सुटली तर सुटलेलीच ठेवा.

किंमत. आकडा देत नाही, कारण भारतात या मालाला स्थिर बाजारच नाही. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात अशी वस्तू आली तर विकणाऱ्याला जे सुचेल ते. खरा बाजार लंडन, पॅरिस आणि म्युनिकच्या लिलावांत. पण तिथे पाठवायचा विचार आधीच सोडून द्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पोस्टाने पाठवतो म्हणणारे दलाल भेटतील. त्यांच्याशी बोलूच नका. साधारण प्रमाण सांगायचं तर खालच्या दर्जाचं, बिननावाचं पॅरिसचं पदक हे या घराण्यातलं सर्वात सहज मिळणारं. शंकरपाळीतून चांगलं नाव निघालं तर भाव थोडा चढतो. मूळ मानकऱ्याचं नाव कळलं तर मात्र कितीतरी जास्त.

म्हणून माझा सगळा भर त्यावर आहे. तुमच्या आजोबांना हे मिळालं असेल असं मला वाटत नाही. ते अबादानला होते तोवर काजार जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. बहुधा त्यांनी ते तिथे कुणाकडून तरी घेतलं, किंवा कुणी परत जाताना देऊन गेलं. कंपनीत इंग्रज होते, इराणी होते, आपली मुंबईकडची माणसं होती. ज्या ट्रंकेत पेटी सापडली त्याच ट्रंकेत कागद शोधा. पेटीची मखमल उचलली जाते का तेही हळूच बघा, तिच्याखाली घडी घालून कागद ठेवायची लोकांची सवय असते. फारसी मजकूर, वर मोठा शिक्का, कडेला सोनेरी रेघा असं काही दिसलं तर ते फर्मान. त्यात नाव असेल.

वाचायची चिंता नको. मराठ्यांच्या इतिहासाची बरीच कागदपत्रं फारसीत असल्यामुळे आपल्याकडे ती वाचणारी माणसं अजून आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईत के. आर. कामा प्राच्यविद्या संस्था आहे, चौकशी तिथून सुरू करा. इराणी दरबाराचं मोडकं अक्षर, ज्याला शिकस्ता म्हणतात, ते इथल्या सवयीच्या डोळ्यालाही जरा जड जातं, म्हणून फोटो स्वच्छ हवा. एकच विनंती: कागद सापडला तर लगेच उलगडू नका. सत्तर-ऐंशी वर्षं ट्रंकेत दुमडून राहिलेला कागद घडीवर तुटतो, आणि नाव नेमकं घडीवरच असतं. आधी बंद घडीचाच फोटो पाठवा, दोन्ही बाजूंनी.